‘अतिशीत’ थेंब: गोठलेला की न गोठलेला?

पानकळा
गारा कशा तयार होतात यावरील एका लेखाचे भाषांतर करताना अडले आहे. ढगातील तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या बरेच खाली गेले तरी पाण्याचे सूक्ष्म थेंब लगेच गोठत नाहीत. ज्याभोवती बर्फ धरेल असा योग्य कण मिळाला नाही, तर ते उणे ३८ अंशांच्या आसपासपर्यंत द्रवरूपात राहू शकतात. परिभाषेला धरून मी त्यांना ‘अतिशीत थेंब’ म्हटले. मसुदा तपासणाऱ्यांनी समासात विचारले, “अतिशीत म्हणजे गोठलेलेच ना? मग ते गारेवर आदळून पुन्हा कसे गोठतात?” शंका रास्त वाटते, कारण ‘गोठायचे राहिले आहे’ ही मुख्य गोष्ट त्या शब्दात कुठेच येत नाही. दुसरा शब्द सुचेल का?

शब्दवेल्हाळ
रूढ संज्ञा मोडू नये. ‘प्रकाशवर्ष’ हे कालमापन नव्हे, हे वाचक शिकतोच. तसेच हेही शिकेल. खरा घोळ ‘गार’ या शब्दाचा आहे. तो विशेषणही आहे आणि नामही. ‘गार थेंब’ असे लिहिले तर काय समजायचे? ‘मेघदूता’त गारांसाठी ‘करका’ आहे. शास्त्रीय लेखनात तोच का वापरू नये?

धोंडा
कारण तो कोणी वापरत नाही. ‘गारा पडल्या’ असे ऐकून ‘थंड काय पडले?’ असे आजवर कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. शिवाय ‘गार’ म्हणजे गारगोटीचा पांढरट दगडही. माझा तर्क असा की, बर्फाच्या खड्याला हे नाव थंडपणावरून नव्हे, तर दगडावरून पडले असावे. संस्कृतातील ‘वर्षोपल’ या शब्दातही ‘उपल’ म्हणजे दगडच आहे.

ढगवेडा
तर्क आवडला, पण पुरावा नाही. मी एकदा मोठी गार सुरीने कापून पाहिली होती. आत एक थर दुधी आणि पुढचा काचेसारखा, असे वेढे होते. थेंब आदळताक्षणी गोठला, तर हवेचे बुडबुडे आत अडकतात आणि बर्फ दुधी दिसतो. पाणी भरपूर असेल, तर गोठताना बाहेर पडणारी उष्णता पुरेशी निघून जात नाही, गारेचा पृष्ठभाग ओला राहतो, पाणी पसरून सावकाश गोठते आणि बुडबुडे निसटल्यामुळे थर पारदर्शक होतो. म्हणजे मूळ प्रश्नातला ‘न गोठलेला’ हा अर्थच येथे सर्व काम करतो, आणि ‘अतिशीत’ तो लपवतो. आणखी एक: प्रत्येक थर म्हणजे गारेची वर-खाली एक फेरी, असे मूळ लेखात असेल तर ते तपासावे. एकाच चढणीत वेगवेगळ्या पाणीसाठ्याच्या आणि तापमानाच्या भागांतून जातानाही असे थर बनतात.

पानकळा
मूळ लेखात फेऱ्याच आहेत! तेथे टीप देते. पण थेंबाचे काय?

शब्दवेल्हाळ
थेंबाआधी ‘अपड्राफ्ट’कडे, म्हणजे ढगात वर चढणाऱ्या हवेकडे पाहा. आपण ‘ऊर्ध्वप्रवाह’ लिहिले असेलच.

धोंडा
‘ऊर्ध्वप्रवाह’ वाचून धूपकांडीचा धूर डोळ्यांपुढे येतो. ५ सेंटिमीटर व्यासाची गार ताशी १०० किलोमीटरच्या आसपास वेगाने कोसळते. तिला ढगात तोलून धरणारा वारा तितकाच जोरकस हवा. त्याला ‘चढता झोत’ म्हणावे.

ढगवेडा
झोत क्षणिक वाटतो. उंचीनुसार वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल, तर पाऊस चढत्या हवेतच कोसळून तिला मारत नाही, ती टिकते आणि गारेला वाढायला अवधी मिळतो. मोठ्या गारांसाठी जोराइतकाच हा टिकाऊपणा लागतो. शून्य अंशाची पातळी फार उंच असेल, तर लहान गारा वाटेतच वितळतात.

शब्दवेल्हाळ
मग ‘प्रवाह’च बरा, हे आपणच सिद्ध केले. जाता जाता, ‘गारेचा आकार वाढतो’ असे लिहू नये. वाढते ते आकारमान.

धोंडा
बोलताना सगळे ‘आकार’च म्हणतात.

ढगवेडा
येथे मात्र भेद हवा. २३ जुलै २०१० रोजी अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात व्हिव्हियन येथे पडलेली गार सुमारे २० सेंटिमीटर व्यासाची आणि ८८० ग्रॅमच्या आसपास वजनाची होती, पण ती चेंडूसारखी गोल नव्हती. तिला बोटांसारखे उंचवटे होते. तिचा आकार वेगळा आणि आकारमान वेगळे.

पानकळा
तूर्त ‘शून्याखालचे, पण न गोठलेले थेंब’ असे लिहून पाठवते आहे. लेखात तो शब्द अनेकदा येतो, त्यामुळे वाक्ये लांबतील.

शब्दवेल्हाळ
म्हणूनच एका शब्दाची संज्ञा असते.

धोंडा
‘गारपीट’मधील ‘पीट’ ही ‘पिटणे’वरून आली असावी, असे मला फार दिवसांपासून वाटते. कोणाकडे जुना कोश आहे का?