पीडीए (जन्मानंतरही उघडी राहिलेली हृदयाजवळची रक्ताची नळी) किती मिमी, यावरून बाळ किती गंभीर ते ठरतं का?

घोडबंदरची आई
माझी लेक २७व्या आठवड्यात झाली, ९१० ग्रॅमची. तिसऱ्या दिवशी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. "पीडीए १.८ मिमी, मोठा आहे," एवढंच बाहेर येऊन सांगितलं. नातेवाइकांच्या फोनाफोनीत त्याचं 'हृदयाला भोक' झालं. भोक नसतंच ते. आईच्या पोटात फुप्फुसं श्वासाचं काम करत नसतात, म्हणून तिकडचं रक्त महाधमनीत वळवणारी ही नळी. पूर्ण दिवसांच्या बाळात ती साधारण तीन दिवसांत मिटते, आमच्यासारख्यांच्यात उघडी राहते.

त्या दिवशी लेक सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) होती, ऑक्सिजन २५ टक्के पुरत होता, लघवी व्यवस्थित, दर दोन तासांनी १ मिली दूध पचत होतं. तरी आकडा बघून नळी मिटवायला आयबुप्रोफेन सुरू केलं. दुसऱ्या डोसनंतर लघवी कमी झाली, औषध थांबवावं लागलं. नळी पुढे आपोआप मिटली. नुसत्या मिलिमीटरवर बाळाला 'गंभीर' ठरवू नये, असं माझं ठाम मत आहे.

एनआयसीयू (नवजात अतिदक्षता विभाग) सिस्टर, ऐरोली
ताई, लेक बरी आहे हे वाचून बरं वाटलं, पण मला हे पटत नाही. पहिल्या दिवसांत मर्मर (हृदयाचा जादा आवाज) बऱ्याचदा ऐकूच येत नाही. पीडीए असलेलं ७०० ग्रॅमचं एक बाळ संध्याकाळपर्यंत शांत होतं. रात्री तळहातावर बोट ठेवलं तर नाडी टकटक लागत होती, खालचा रक्तदाब घसरलेला. पहाटे श्वासाच्या ट्यूबमधून रक्ताळलेला फेस आला, म्हणजे फुप्फुसात रक्तस्राव. लक्षणांची वाट बघत बसलं तर हे असं होतं.

नेरुळ, बालरोगतज्ज्ञ
सिस्टर, भीती खरी आहे, पण लवकर औषध दिल्याने ती टळते असं दिसलेलं नाही. बेनेडक्टस चाचणीत २८ आठवड्यांच्या आतली २७३ बाळं होती, बेबी-ऑस्करमध्ये (२०२४) ६५३. दोन्हीकडे बाळांची निवड मुख्यतः नळीच्या १.५ मिमीच्या रुंदीवर. लवकर आयबुप्रोफेन दिलेल्या बाळांना फायदा झाला नाही.

६०० ग्रॅमच्या आणि १४०० ग्रॅमच्या बाळातले १.५ मिमी एक नव्हेत. हृदयाचा वरचा डावा कप्पा महाधमनीच्या दीडपट फुगलाय का, पोटाकडे जाणाऱ्या महाधमनीत रक्त उलटं फिरतंय का, हे मी आधी बघतो. रक्त उलटं फिरलं की आतडी आणि मूत्रपिंडं उपाशी राहतात.

एनआयसीयू सिस्टर, ऐरोली
डॉक्टर, बेबी-ऑस्करमध्ये प्लासिबोवाल्या (खऱ्या औषधाऐवजी निष्क्रिय डोस मिळालेल्या) बऱ्याच बाळांनाही नंतर उपचार द्यावेच लागले, तेही सांगा ना.

नेरुळ, बालरोगतज्ज्ञ
हो, ते खरं आहे. थांबायचं म्हणजे दुर्लक्ष करायचं नव्हे. पाणी मोजून द्यायचं, पीप (फुप्फुसं उघडी ठेवणारा यंत्राचा दाब) जरा वाढवायचा, इको पुन्हा करायचा.

घोडबंदरची आई
मग इकोच्या कागदावर त्या दिवशीचं वजन, ऑक्सिजन आणि खालचा रक्तदाब लिहून द्या. आम्हाला फक्त १.८ मिळालं, आणि रात्रभर मी तेवढंच गूगल करत बसले.

एनआयसीयू सिस्टर, ऐरोली
लिहायला हवंच, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे रात्री इको करणारं कोणी नसतं. दुपारचा आकडा मोठा असेल तर त्या बाळाच्या वॉर्मरकडे (ऊब देणाऱ्या पलंगाकडे) माझ्या दुप्पट फेऱ्या होतात. म्हणून तो आकडा मला हवाच.