शब्दचर्चा : 'बाप्तिस्मा' म्हणजे स्नान, बारसं की बुडी?

विचारणा
शेजारच्या घरी बाळाचा बाप्तिस्मा झाला. आईनं विचारलं, "म्हणजे त्यांचं बारसंच ना?" मी हो म्हणालो, पण नंतर खटकलं. येशूनं यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो तिशीचा होता, नाव तर कधीच ठेवलेलं होतं. काही ठिकाणी 'स्नानसंस्कार' असंही वाचलंय. मूळ अर्थ काय?

प्रतिसाद
बारसं नक्कीच नाही. ग्रीक 'बाप्टो' म्हणजे बुचकळणे. कापड रंगात बुचकळतात, त्यालाही हाच शब्द. त्यावरून 'बाप्टिझो', म्हणजे पार पाण्याखाली घालणे, बुडवणे. हा शब्द मुळात देवळातला नाहीच. योसेफस हा यहुदी इतिहासकार आपलं जहाज भर समुद्रात बुडाल्याचं सांगतो, तेही याच क्रियापदानं. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात कुष्ठरोगी नामान यार्देनेत सात बुड्या मारतो, तिथंही हेच.

यहुद्यांना शुद्धीची स्नानं नवी नव्हती, पण ती ज्यानं त्यानं करायची आणि पुन्हा पुन्हा करायची. येशूला बाप्तिस्मा देणारा योहान मात्र लोकांना स्वतः पाण्यात घालू लागला, आणि तेही पश्चात्तापाची खूण म्हणून. पुढं पौल या सुरुवातीच्या ख्रिस्ती प्रचारकानं बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात या बुडीला मरणाचा अर्थ दिला : पाण्याखाली जाणं म्हणजे ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं, वर येणं म्हणजे नवं जीवन. मला या शब्दाचा गाभा इथं सापडतो. 'स्नान' चुकीचं नाही, तीताला लिहिलेल्या पत्रात 'नव्या जन्माचे स्नान' आहेच. पण स्नानात कुणी मरत नाही. ती अर्धी बाजू त्या शब्दात येत नाही.

विचारणा
मग डोक्यावर नुसतं पाणी ओततात ते कसं चालतं?

प्रतिसाद
ती सवलत फार जुनी आहे. 'डिडाखे' नावाची सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळींची एक छोटी पोथी आहे. ती म्हणते : वाहत्या पाण्यात द्या, ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार जमत नसेल तर कोमट, पुरेसं पाणीच नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. घेणाऱ्यानं आधी एक-दोन दिवस उपास करायचा. पाण्याच्या सोयीबद्दल इतकी आपुलकीची सूचना वाचून मला तर ती माणसं जवळची वाटू लागली.

बारशाचा घोटाळा तान्ह्या मुलांच्या बाप्तिस्म्यामुळं होतो. इ.स. २०० च्या सुमारास तर्तुलियन हा ख्रिस्ती लेखक 'मुलांच्या बाबतीत घाई कशाला' म्हणून आक्षेप घेतो, म्हणजे तेव्हा ती रीत होती. उलट टोकही होतं. बाप्तिस्मा एकदाच, आणि त्यानं आधीची सगळी पापं धुतली जातात, म्हणून कित्येक जण तो लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइननं तो ३३७ मध्ये मृत्युशय्येवर घेतला.

आणखी एक प्रतिसाद
मराठीत ग्रीक शब्द तसाच का राहिला, याला शेजारचा एक दाखला आहे. बंगालमधल्या सेरामपूरच्या बॅप्टिस्ट (पूर्ण बुडवूनच बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाच्या) मिशनऱ्यांनी बंगाली बायबलात बुडवण्याच्याच अर्थाचा शब्द घातला. पाणी शिंपडून बाप्तिस्मा देणाऱ्या पंथांना तो मान्य होणं शक्य नव्हतं. १८३० च्या दशकात यावरून बायबल छापून वाटणाऱ्या बायबल सोसायटीशी मोठा वाद झाला. मूळ शब्द ठेवला की कुठल्याच पंथाची बाजू घ्यावी लागत नाही. शिवाय मराठीत 'बुडवणे' म्हटलं की आधी आठवतं ते कर्ज बुडवणं, घर बुडवणं!

वापराबद्दल एक : बाप्तिस्मा 'घेतात' किंवा 'देतात'. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, असंच म्हणायचं. 'केला' म्हणू नये. स्वतःचा स्वतः करता येत नाही, दुसऱ्याच्या हातूनच व्हावा लागतो. विभक्ती लागताना 'बाप्तिस्म्याचा', 'बाप्तिस्म्यानंतर'.