शेल्टरमधली सहा वर्षांची कुत्री घरी आणतोय : लिफ्टची सवय आणि शेल्टरला द्यायचं सामान, मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही नेरूळला सातव्या मजल्यावर राहतो. मी, नवरा, आठवीतला मुलगा आणि सासूबाई. महिनाभर दर रविवारी पनवेलच्या पुढे एका शेल्टरला जातोय. गेलो होतो पिल्लू बघायला, पण जीव जडला सहा वर्षांच्या एका गावठी कुत्रीवर. रंग तपकिरी, तोंडाशी केस पांढरे व्हायला लागलेत. नसबंदी झालीय, त्याची खूण म्हणून कानाला खाच आहे. रेबीजची लस दिलेली आहे. पुढचा एक पाय गाडीखाली मोडला होता, तो वाकडा जुळलाय. तिथल्या मावशी म्हणाल्या, येणारा प्रत्येक जण पिल्लांपाशीच थांबतो, हिला तीन वर्षांत कुणी विचारलंसुद्धा नाही. परवा मी जमिनीवर बसले होते. बराच वेळ लांबून बघत राहिली, मग हळूच आली आणि माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपली. तेव्हाच आमचं ठरलं.

शेल्टरवाले घर बघून गेले. खिडक्यांना ग्रिल आहे का, सगळ्यांची तयारी आहे का, गावाला गेलात तर कोण बघणार, सगळं विचारलं. बरं वाटलं. येत्या शनिवारी आणायची आहे.

अडचण लिफ्टची. ती आयुष्यात कधी लिफ्टमध्ये शिरलेली नाही. दिवसातून तीनदा सात मजले जिना त्या पायाला झेपणार नाही आणि १९ किलो मला उचलत नाही. मोठ्या वयाच्या कुत्र्याला कुणी सवय लावली असेल तर नेमकं काय केलंत? त्यात कमिटीतले एक काका म्हणतात, कुत्रा लिफ्टमधून न्यायचा नाही.

दुसरं, सोसायटीच्या ग्रुपवर सहज लिहिलं तर शेल्टरसाठी सामानाचा ढीग जमला. उशा, गाद्या, बिस्किटांचे पुडे, फिनेल, घरातल्या उरलेल्या गोळ्या. मावशींनी मागे एका पिंजऱ्यातून उशीचा ओला कापूस मूठमूठ काढताना मला दाखवला होता. कुत्री उशी फाडतात, कापूस गिळतात, तो आतड्यात अडकतो. मग यातलं न्यायचं काय?

प्रतिसाद १
ताई, आमची पाच वर्षांची आणली तेव्हा हेच झालं होतं. पहिले दोन-तीन दिवस लिफ्टचं नावच काढू नका. शेल्टरवाल्यांना सांगा, पहिल्या दिवशी दोघांनी उचलून वर आणून द्या. मग दुपारी, गर्दी नसताना, दार उघडं ठेवून नुसतं आत-बाहेर करा. आत गेली की उकडलेल्या चिकनचा तुकडा. आधी एकच मजला, मग दोन. गळपट्ट्यावर विसंबू नका, घाबरलेलं कुत्रं मान मागे ओढून सटकतं, हार्नेसच घ्या, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा. आणि दोरी हातात आखूड धरा. कुत्रं आत, माणूस बाहेर आणि दार मिटलं, अशाने जीव गेलेत.
काकांना ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं परिपत्रक दाखवा. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण भांडू नका, आधी चहाला बोलवा.

प्रतिसाद २
मी ठाण्याला एका शेल्टरमध्ये शनिवारी जाते. उशा-गाद्या परत करा. जुने टॉवेल, चादरी, वर्तमानपत्रं, गोणपाटं न्या. पावसाळ्यात काही वाळतच नाही, त्यामुळे टॉवेल कितीही कमीच पडतात. फिनेलने पार्वोचा (पिल्लांना होणारा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार) विषाणू मरत नाही, आणि तो जमिनीत महिनोन्महिने टिकतो. त्यापेक्षा ब्लीच द्या. ब्लीच आणि फिनेल एकत्र मात्र करायचं नाही. बिस्किटांत मैदा नि साखर, त्याऐवजी तांदूळ, अंडी. माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत, आयबुप्रोफेनसारखी साधी अंगदुखीची गोळीही कुत्र्याला घातक ठरते. गोचिडांच्या औषधाला पैसे दिलेत तर सोन्याहून पिवळं, पण कुठलं आणायचं ते त्यांच्याच डॉक्टरांना विचारा.

धागाकर्ती
दोघींचे मनापासून आभार. हार्नेस आजच आणते. वॉचमनकाका दुपारी अडीचला लिफ्टचं दार धरून उभं राहायला तयार आहेत. सासूबाईंनी त्यांच्या दोन जुन्या सुती साड्या काढून ठेवल्यात, एक शेल्टरला, एक हिच्या अंथरुणाला. वाशीच्या एपीएमसीत धान्य बाजारात रिकामी गोणपाटं सुटी मिळतात का? आणली असतील कुणी तर कळवा, शुक्रवारपर्यंत हवीत.