गच्चीखालची खोली तापत नाही: डबल काच लावावी की आणखी काही? (ग्वाल्हेर)

लष्करकर
ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दुमजली घर आहे, प्रश्न वरच्या झोपायच्या खोलीचा. आतून ४ × ३.५ मीटर, उंची ३ मीटर. दोन भिंती बाहेरच्या, नऊ इंची, दोन्हीकडून गिलावा. आतल्या दोन साडेचार इंची, पलीकडे पॅसेज. वर १५० मिमीचा उघडा स्लॅब, कोबा नाही. सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी १.५ × १.२ मीटर, साधी काच. जानेवारीत पहाटे बाहेर ६ अंश असताना २००० वॉटचा हिटर रात्रभर चालवून खोली जेमतेम १८ वर राहते. घरचे म्हणतात डबल काच लावा. हिशेब कसा करायचा?

यू_व्हॅल्यू
प्रत्येक पृष्ठभागासाठी क्षेत्रफळ × यू × तापमानातला फरक, की वॉट मिळतात. यू म्हणजे एक अंश फरकाला एका चौ.मी.मधून किती वॉट उष्णता निसटते तो आकडा. तुमचा फरक १२ अंश.

नऊ इंची गिलावा केलेल्या भिंतीचा यू साधारण २. खिडकी वजा जाता भिंत २०.७ चौ.मी., म्हणजे ५०० वॉट. उघड्या स्लॅबचा यू ४ च्या आसपास; १४ × ४ × १२ = ६७२. काच ५.७ ने धरा: १.८ × ५.७ × १२ = १२३. फटींतून जाणाऱ्या हवेसाठी ०.३३ × तासाला हवा किती वेळा बदलते × खोलीचं घनफळ × फरक. सैल सरकत्या खिडकीला दीड वेळा धरलं तर ०.३३ × १.५ × ४२ × १२ = २५० वॉट. पॅसेज १३ अंशांवर असेल तर आतल्या भिंतींतून आणखी अडीचशे. बेरीज १८०० वॉट. २००० वॉटचा हिटर जेमतेमच का पुरतो ते यातच आलं.

आता डबल काच बघा. यू निम्म्यावर आला तरी वाचले ६० वॉट. कोटेशन बाजूला ठेवा. छत एकटं ६७२ खातंय.

कोबा_आणि_काँक्रीट
छतासाठी ५० मिमी एक्सपीएस बोर्ड (उष्णता अडवणारा घट्ट फोम). साधा पांढरा थर्मोकोल नको, तो दबतो आणि पाणी धरतो. यू ४ वरून ०.५ वर येतो, ६७२ चे ८५-९० वॉट होतात.

क्रम असा: स्लॅब घासून साफ, भेगा भरून वॉटरप्रूफिंगचा थर, मग पाणी साठवून ४८ तास चाचणी. गळती असेल तर आत्ताच कळू दे, नंतर सगळं उखडावं लागतं. त्यावर बोर्ड, विटांसारखे सांधे चुकवून, एकमेकांना घट्ट भिडवून. वर जिओटेक्स्टाइलचं (पाणी झिरपू देणारं) कापड, मग जाळी घालून ५० मिमी काँक्रीट, पन्हाळ्याकडे १०० ला १ उतार. शेवटी पांढऱ्या तुकड्यांची फरशी.

काम बिघडतं ते तीन ठिकाणी. सॉल्व्हंटवालं डांबर किंवा चिकटवणी वापरली की बोर्ड विरघळतो. पाण्यावर आधारितच घ्या. काँक्रीट अखंड ओतलं तर उन्हात भेगा पडतात, म्हणून दोन-दोन मीटरचे चौकोन पाडून कठड्यालगत २० मिमी फट सोडा आणि सीलंटने भरा. तिसरं म्हणजे उंची: सगळे थर मिळून दहा सेंटिमीटरहून जास्त वर येतात, तेव्हा जिन्याच्या दाराचा उंबरठा आणि पन्हाळ्याचं तोंड आधी मोजा. गवंडी हे विसरतातच.

नुसत्या काँक्रीटनेच वजन चौ.मी.ला ११५-१२० किलो वाढतं, फरशीचं वेगळं. आरसीसीला सहसा चालतं, तरी इंजिनियरला दाखवा. गर्डरवर दगडी पटिया (लांब लाद्या) टाकलेल्या जुन्या छतावर मात्र हे डोळे मिटून करू नका.

थाटीपूर_४७४
वरचं बरोबर, पण हिटर रात्री दोनच तास लावणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. या स्लॅबचं वजन पाच टन. तो एक अंश तापवायला सव्वा युनिट लागतं. इन्सुलेशन वर घातलं की स्लॅब आतल्या बाजूला येतो आणि पहिले काही तास ऊब तोच पितो. लवकर ऊब हवी असेल तर आतून जिप्सम सीलिंग आणि त्यावर रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) चांगलं. तुमचा हिटर रात्रभर चालतो, आणि मे-जूनमध्ये इथे ४५ अंशांत गच्ची भाजून निघते, तेव्हा स्लॅबवर ऊन पोचूच न देणं जास्त फायद्याचं. तुम्हाला वरूनच करा.

लष्करकर
छताचं काम उन्हाळ्याआधी करतो. या हिवाळ्यापुरतं काय?

यू_व्हॅल्यू
फटी. पंखा बंद करून पेटती उदबत्ती खिडकीच्या चौकटीभोवती, एसीच्या पाइपच्या भोकाशी, दाराखाली फिरवा. धूर वळेल तिथून हवा येते. सरकत्या पटांच्या कडेची केसाळ पट्टी झिजलेली असते, ती मीटरवर विकत मिळते, जाडी जुळवून घ्या. दाराखाली ब्रश पट्टी. हवाबदल दीडवरून ०.७ वर आला तरी १३० वॉट वाचतात, डबल काचेच्या दुप्पट. जाड पडदा चौकटीच्या बाहेर १५ सेंमी जाईल इतका आणि जमिनीला टेकणारा हवा. मध्ये लोंबता ठेवला तर मागून गार हवा खाली उतरतच राहते.

कोबा_आणि_काँक्रीट
आणि फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी किंवा गॅस हिटर अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. विजेचाच हिटर. काँक्रीटचं काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरका, सात दिवस ओलं ठेवायचं आहे. मेमध्ये सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंतही टिकत नाही.