मदत हवी आहे: चार वर्षांच्या मुलासाठी रोजचा साधा स्वेटर, पण पुढच्या हिवाळ्यात वाढवता येईल असा

नमस्कार मंडळी,

मी ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहते. मुलगा चार वर्षांचा आहे. त्याला शाळेत, खेळायला, घरात असा रोज घालायला एक साधा स्वेटर विणायचा आहे. नक्षी नको, वेण्या नकोत. त्याचा त्याला घालता-काढता यावा, दर आठवड्याला धुता यावा आणि पुढच्या डिसेंबरात बाह्या आखूड झाल्या तर उसवून वाढवता याव्यात, एवढंच हवंय. यातली शेवटची गोष्ट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची.

इथे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांपर्यंत उतरतो, कधी त्याच्याही खाली. धुकं पडलं की दुपारपर्यंत ऊन नाही. मुलांच्या अंगावर सकाळी उठल्यापासून रात्री पांघरुणात शिरेपर्यंत स्वेटर असतो. विकतचा स्वेटर पुढच्या वर्षी छातीला बसतो, पण मनगटाच्या चांगला वर चढलेला असतो. या वयात मूल वर्षाला सहा-सात सेंटिमीटर उंच होतं, छाती मात्र दोनेक सेंटिमीटरच वाढते. म्हणजे वाढवायला हव्यात त्या बाह्या आणि लांबी. चांगला स्वेटर केवळ चार बोटं कमी पडतात म्हणून देऊन टाकायचा, हे मला पटत नाही.

मला सुलट-उलट नीट येतं. मफलर आणि टोपी विणल्या आहेत, स्वेटर पहिलाच.

मापं अशी आहेत: छाती ५७ सेंमी, डोक्याचा घेर ५१, मानेच्या मागच्या हाडापासून खांद्यावरून मनगटापर्यंत ४९, खांद्यापासून कमरेच्या थोडं खालपर्यंत ३८. लोकर इथल्या बाड्याजवळच्या (लष्करातला बाजारचौक) दुकानातून आणली आहे. मध्यम जाडीची, ऍक्रिलिक, गडद निळी, ५० ग्रॅमचे सहा गुंडे, सगळे एकाच लॉटचे.

आता अडचणी. पॅटर्न एका अमेरिकी संकेतस्थळावरचा आहे. त्यात ८ नंबरच्या सुया आणि १० सेंटिमीटरला १८ टाके असं लिहिलंय. मी दुकानातून ८ नंबरच्याच सुया घेतल्या आणि आधी नमुन्याचा चौकोन विणून पाहिला, तर १० सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी येतात. हात सैल सोडून विणलं तरी २२च. पॅटर्नप्रमाणे एका भागाला ६० टाके घालायचे आहेत. तेवढेच घालू, की सुई बदलू?

दुसरं बाह्यांचं. पॅटर्नमध्ये बाही मनगटाकडून वर विणून मग खांद्याला शिवायची आहे. आमच्या सासूबाई म्हणतात, अशी बाही उसवून वाढवता येत नाही, ती खांद्याकडून खाली विणायला हवी. त्यांनी त्यांच्या मुलांचे स्वेटर वर्षानुवर्षं असेच वाढवले. पण त्या अंदाजानेच विणायच्या, आकडे कधी लिहून ठेवले नाहीत आणि आता संधिवातामुळे त्यांना सुया धरवत नाहीत. कुणी हिशेबासकट सांगेल का?

आणि गळा. मुलाला डोक्यातून काही ओढलं की रडू येतं. गळा किती मोठा ठेवू? मोठा ठेवला तर छातीत वारं जाईल ना?

प्रतिसाद १

६० टाके घालू नका. तुमचा हात बरोबर आहे, घोळ सुयांच्या नंबरांचा आहे. आपल्या दुकानांत जुने ब्रिटिश नंबर चालतात. त्यात ८ म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक. अमेरिकेत उलट, नंबर वाढेल तशी सुई जाड. त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची असते. म्हणून पॅटर्नमध्ये नंबराऐवजी मिलिमीटर बघायची सवय लावा.

तुमच्या विणीवर ६० टाक्यांचा भाग २७ सेंटिमीटर होईल, दोन्ही मिळून ५४. मुलाची छातीच ५७ आहे.

प्रतिसाद २

वरच्या ताईंनी सांगितलं ते बरोबर. त्यात एक भर: आता ५ मिलिमीटरच्या सुया आणायला धावू नका. त्या पॅटर्नमधली लोकरही तुमच्यापेक्षा जाड आहे. तुमची लोकर जाड सुईवर विणलीत तर १८ टाके येतील, पण वीण विरळ होईल आणि थंडीत वारा आरपार जाईल. तुमच्याकडे ४ मिलिमीटरवर २२ टाके आणि ३० ओळी येतायत, ते या जाडीच्या लोकरीला अगदी योग्य आहे. सुई तीच ठेवा, टाके बदला.

प्रतिसाद ३

तुमच्या सासूबाई शंभर टक्के बरोबर सांगतायत. त्यांना माझा नमस्कार सांगा. माझं माहेर ग्वाल्हेरचं, आता इंदूरला असते. आमच्या घरीही असेच वाढते स्वेटर विणायचे. हिशेब लिहून देते, वही घ्या.

आधी कारण. वीण सहज उसवते ती टाके बंद केलेल्या टोकाकडून. जिथून सुरुवात केली तिथून ती सरसर निघत नाही, आणि एक सुलट एक उलटच्या पट्टीत तर नाहीच नाही. मनगटापासून सुरू केलेल्या बाहीचं सुरुवातीचं टोक नेमकं मनगटावर येतं, जिथे वाढवायचं असतं तिथेच. खांद्याकडून विणलेल्या बाहीचं शेवटचं टोक मनगटावर येतं. तिथला दोरा सोडला की पट्टी दोन मिनिटांत उसवते.

छाती ५७. आत बनियन, शर्ट आणि पुढचं वर्ष धरून ९ सेंटिमीटर सैल ठेवा. ६६ झाले, एका भागाला ३३. सेंटिमीटरला २.२ टाके म्हणजे ७२, शिवणीसाठी दोन्ही कडांना एकेक, एकूण ७४. मुंढ्याला काही घटवायचं नाही, पाठ आणि पुढा सरळ पाट्यांसारखे. खांदा थोडा दंडावर उतरतो, पण रोजच्या स्वेटरला तो आकार सोयीचा पडतो, हात वर करून खेळताना ओढला जात नाही.

खालची पट्टीही आधी विणू नका. दुसऱ्या रंगाच्या टाकाऊ दोऱ्याने ७४ टाके घाला, दोन-चार ओळी विणा, मग निळी लोकर जोडून एक ओळ सुलट, एक उलट असं वर जा. १८ सेंटिमीटर (५४ ओळी) झाले की दोन्ही कडांना रंगीत दोऱ्याची खूण बांधा, तिथून बाही सुरू होईल. त्याच्या वर १५ सेंटिमीटर विणा. पाठीला २२ टाके खांदा, ३० गळा, २२ खांदा.

पुढा तसाच. फक्त खांदा यायच्या १६ ओळी आधी मधले १४ टाके बंद करा आणि दोन्ही बाजू वेगवेगळ्या विणा. गळ्याच्या कडेला एकाआड एक ओळीत एक टाका घटवा, असं आठ वेळा. खांद्याला २२ उरतील.

खांदे जोडल्यावर एका खुणेपासून दुसऱ्या खुणेपर्यंत बाहीचे टाके उचला. इथे पुष्कळजणी दर ओळीला एक टाका उचलतात आणि बाही झालरीसारखी फुगते. टाका रुंदीला जास्त आणि उंचीला कमी असतो, म्हणून चार ओळींत तीन टाके. ३० सेंटिमीटरवर साधारण ६६ होतात. दर सहाव्या ओळीला दोन्ही कडांना एकेक टाका घटवा, १४ वेळा. ३८ उरतील आणि २८ सेंटिमीटर झालेले असतील. मग १० नंबरच्या सुयांवर ५ सेंटिमीटर एक सुलट एक उलटची पट्टी. बाहीची लांबी कशी काढली ते सांगते, म्हणजे पुढे स्वतःच काढाल: मान ते मनगट ४९, त्यातून अंगाच्या एका भागाची निम्मी रुंदी म्हणजे साडेसोळा वजा. साडेबत्तीस-तेहतीस येतात.

सगळ्यात शेवटी खालचा टाकाऊ दोरा काढा, मोकळे टाके सुईवर घ्या आणि बाह्यांसारखीच ५ सेंटिमीटरची पट्टी वरून खाली विणून बंद करा. पुढच्या वर्षी बाह्यांच्या आणि खालच्या पट्ट्या उसवायच्या, तीन-चार सेंटिमीटर साधं विणायचं, पट्टी परत. खालचे टाके उलट्या दिशेने उचलल्यावर वीण अर्ध्या टाक्याने सरकते, पण साध्या विणीत ते अजिबात दिसत नाही.

टाके बंद करताना दोरा आत अर्धा मीटर राखून लपवा, कापून टाकू नका. वर्षाने टोक शोधताना याची किंमत कळते.

धागाकर्ती

काकू, किती नीट समजावलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. चार ओळींत तीन टाके ऐकल्यावर त्या म्हणाल्या, "हेच मी सांगत होते, आकडा येत नव्हता." आज मागच्या भागाचे ७४ टाके घातलेसुद्धा.

एक शंका. वर्षभर धुतल्यावर आणि वाळत घातल्यावर निळा रंग उतरेल, नवीन विणलेला भाग गडद दिसणार नाही का? आणि सहा गुंडे पुरतील?

प्रतिसाद ४

पुरतील, एखादा उरावा. उन्हात वाळवू नका, सावलीत आडवा पसरा. ओला स्वेटर दोरीवर टांगला की स्वतःच्या वजनाने लांबतो.

माझं सांगणं वेगळ्या गोष्टीबद्दल आहे आणि कृपा करून मनावर घ्या. ऍक्रिलिक आगीजवळ वितळतं आणि कातडीला चिकटतं. आपल्याकडे थंडीत दारात शेकोटी, घरात कॉइलचा हीटर, आणि मुलं त्याच्या अगदी पुढ्यात. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, ज्वाळा दूर केली की बहुतेक विझते. पुढच्या वेळी दुकानात लोकर म्हणून काय देतायत याची खात्री करायची असेल तर दोऱ्याचा तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. जळक्या केसांचा वास आणि चुरा होणारी राख, तर लोकर. वितळून कडक मणी झाला, तर ऍक्रिलिक.

तुम्ही घेतलेली लोकर वाया गेली असं मुळीच नाही. वारंवार धुवायच्या कपड्याला ऍक्रिलिक सोयीचंच. खऱ्या लोकरीच्या तंतूंवर खवले असतात, गरम पाण्यात चोळली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट, जाड होतो. ऍक्रिलिकला ती भीती नाही. फक्त शेकोटीपाशी हा स्वेटर अंगात नको, आणि त्यावर गरम इस्त्री कधीच फिरवू नका. एकदा लुळं पडलं की पूर्ववत होत नाही.

प्रतिसाद ५

गळ्याचं उत्तर राहिलंय. वरच्या हिशेबाने पाठीचे ३०, पुढचे १४ आणि दोन्ही कडांचे १२-१२ मिळून ६८ टाके उचलले जातील, म्हणजे साधारण ३१ सेंटिमीटर. डोकं ५१. एक सुलट एक उलट पुष्कळ ताणली जाते, पण एवढी ताणून रोज डोक्यातून काढायची म्हणजे मूल रडणारच. गळा मोठा करू नका. डावा खांदा उघडा ठेवून तीन बटणं लावा.

त्या खांद्यावर पुढा सहा ओळी कमी विणा आणि त्या सहा ओळी पट्टीच्या विणा, त्यातच काजं करा: दोरा पुढे घेऊन दोन टाके एकत्र. पाठीच्या खांद्याला पट्टीच्या सहा ओळी जास्त विणा, त्यावर बटणं येतील. खांद्याच्या टोकाशी दोन्ही पट्ट्या एकावर एक ठेवून टाचा आणि मगच बाहीचे टाके उचला. गळ्याची पट्टी १० नंबरने विणा, पण बंद करताना ८ नंबरची सुई घ्या, कड सैल राहील. बटणं चपटी घ्या, दोऱ्याने पक्की शिवा. गळ्याला ओढायची नाडी मात्र घालू नका, झोपाळ्यात किंवा घसरगुंडीवर अडकली तर जिवावर बेतू शकतं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काजांचा छोटा नमुना विणून पाहिला, बटण बरोबर बसतंय. शेकोटीचं घरात सगळ्यांना सांगितलं आहे, त्या वेळी जुनं सुती जाकीट घालायचं ठरलं. रंगाचं मात्र अजून कळलं नाही.

प्रतिसाद ३ वाल्या काकू

रंगाचे दोन उपाय आहेत. उरलेला गुंडा जुन्या मोज्यात घालून, तोंड बांधून, स्वेटरबरोबरच धुवत जा, म्हणजे दोन्ही सारखे उतरतील. नाहीतर आताच पट्ट्यांच्या वर चार ओळी राखाडी रंगाच्या विणा. पुढच्या वर्षी वाढवायचा भाग त्या राखाडीच्या खाली येईल, आणि मध्ये दुसरा रंग असला की निळ्यातला फरक नजरेत भरत नाही. त्यासाठी राखाडीचा एक गुंडा त्याच जाडीचा आणा, नमुना विणून २२ टाके येतायत ना ते आधी बघा.