मदत हवी आहे: लॅपटॉप तापलेला नसतानाही एकदम मंदावतो

नमस्कार मंडळी, मी ऐरोलीत राहते. मुलगी आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिच्या गेमिंग लॅपटॉपने ऐन सबमिशनच्या तोंडावर त्रास द्यायला सुरुवात केली आहे. चार वर्षं जुना, ८ कोअरचा प्रोसेसर, ३२ जीबी रॅम, २३० वॅटचा चार्जर.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये रेंडर (अंतिम चित्र तयार करायचं काम) लावला की दहा मिनिटं नीट चालतो, मग प्रोसेसरचा क्लॉक (वेग) ४ गिगाहर्ट्झवरून थेट ०.८ वर येतो आणि तिथेच अडकतो. माउससुद्धा ओढल्यासारखा हलतो. आधी वाटलं गरम होतोय. फॅन साफ करून थर्मल पेस्ट बदलून घेतली. पण एचडब्ल्यूइन्फो या तापमान, वेग वगैरे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसरचं तापमान जेमतेम ७४ अंश दिसतं. उष्णतेमुळे वेग उतरायचा तर ते ९५-१०० च्या आसपास जायला हवं ना?

काल एक गोष्ट लक्षात आली. चार्जरची पिन काढली की दोन-तीन सेकंदांत वेग परत वर येतो. म्हणजे चार्जर पुरेशी पॉवर देत नाही, की मदरबोर्डला तो नीट ओळखता येत नाही? वाशीतल्या एका दुकानात तर न उघडताच "बोर्ड गेला, बदला" म्हणाले. मला ते पटलेलं नाही.

ठाणे-वाशी लाइनवर कुणाकडे २३० वॅटचा, चौकोनी पिनचा चार्जर असेल तर अर्धा तास लावून बघू द्याल का? मी कुठल्याही स्टेशनवर येईन. चिप लेव्हल काम (अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचा बिघडलेला भाग दुरुस्त करणं) करणारा भरवशाचा माणूस माहीत असेल तर तेही सांगा. सबमिशन पुढच्या शुक्रवारी आहे.