पहिला डीएसएलआर (मुख्यतः पक्ष्यांसाठी) – कोणता, कुठून, कसा घ्यावा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी चिपळूणला राहते. पक्षी बघायचा नाद जुना आहे, आजवर दुर्बिणीवर भागत होतं. आता फोटो हवेत. मोबाइलने काढलेला ककणेर (धनेश पक्षी) म्हणजे वडाच्या झाडात एक काळा ठिपका, आणि तोही मी बोट दाखवल्याशिवाय कुणाला दिसत नाही.

बजेट ४५ हजार, फार ताणलं तर ५०. यात कॅमेरा, लेन्स, कार्ड, बॅग सगळं आलं. कॅमेऱ्यातलं ज्ञान बेताचंच. आयएसओ, अ‍ॅपर्चर वगैरे वाचून समजलंय, हाताने केलेलं काही नाही.

कॅनन १५००डी दोन लेन्सच्या किटमध्ये (जवळची १८-५५ आणि लांबची ५५-२५० एमएम) बघून ठेवलाय. पण घ्यायचा कुठून, यावर घरात चार मतं आहेत. इथले एक स्टुडिओवाले काका म्हणतात, मी मागवून देतो, बिलाशिवाय घेतलात तर आणखी कमी करतो. मावसभाऊ म्हणतो फोर्टला बोरा बाजारात चल, घासाघीस करू. लेक म्हणते ऑनलाइन सेलची वाट बघ. आणि नणंदेचे यजमान दुबईला असतात, ते म्हणतात तिकडून आणतो, स्वस्त पडेल. यातलं काय खरं धरायचं? शिवाय इथल्या पावसात कॅमेरा टिकतो का, हेही कुणीतरी सांगा.

प्रतिसाद:
ताई, डीएसएलआर घेऊच नका. कॅनन आणि निकॉन दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर बाजारात आणलेला नाही. सगळं मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर) गेलंय. कॅनन आर५० बघा, पक्ष्याला स्वतःच ओळखून फोकस धरून ठेवतो. थोडं थांबून बजेट वाढवा.

प्रतिसाद:
वरच्यांचं म्हणणं खोटं नाही, पण प्रश्न ५० हजारांचा आणि पक्ष्यांचा आहे हे ते विसरले. आर५० ची बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेतली की पैसे संपले, लांबची लेन्स कशातून आणायची? पक्ष्यांच्या फोटोत बॉडी दुय्यम असते, पोहोच लेन्सची लागते. मिररलेस बॉडीला जवळची १८-४५ लेन्स लावून ककणेराचा पुन्हा ठिपकाच येणार.

नवीन डीएसएलआर निघत नाहीत, म्हणजे असलेले बंद पडतात असं नव्हे. उलट गेल्या काही वर्षांत बऱ्याच पक्षीवाल्यांनी मिररलेस घेतले आणि त्यांचे जुने डीएसएलआर लेन्ससकट विकायला निघाले. तुमच्यासाठी हीच वेळ चांगली आहे. शिवाय कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स पुढे अ‍ॅडॅप्टर लावून त्यांच्या मिररलेसवर चालतात, म्हणजे आज लेन्सवर घातलेला पैसा वाया जात नाही.

आता १५००डी बद्दल. ५५-२५० ही लेन्स तिच्या किमतीच्या मानाने उत्तम. कॅननच्या या लहान सेन्सरवर (फोटो टिपणाऱ्या भागावर) लेन्सच्या आकड्याला १.६ ने गुणायचं, म्हणजे फ्रेममध्ये साधारण ४०० एमएमएवढी पोहोच मिळते. बगळे, खंड्या, घार, फांदीवर निवांत बसलेला ककणेर, सगळं येईल. सूर्यपक्षी मात्र जवळ येऊन बसला तरच. निकॉनचा डी५६०० किंवा डी३५०० आणि त्यावर ७०-३०० एएफ-पी (फोकसची मोटर लेन्समध्येच असलेली) घेतली तर ४५० पर्यंत जाता (निकॉनला १.५ ने गुणायचं). पक्ष्यांत हा फरक जाणवतो. निकॉनच्या या लहान बॉडींमध्ये फोकसची मोटर नसते एवढं लक्षात ठेवा. कुणी ५० एमएमची जुनी 'डी' प्रकारची लेन्स स्वस्तात देऊ केली तर ती यांवर हातानेच फोकस करावी लागते. 'जी' असेल तर चालते.

मोठ्या झूमचे एकसंध कॅमेरेही असतात, निकॉन पी९५० सारखे. लेन्स बदलायची कटकट नाही, चंद्रावरचे खड्डे दिसतात. पण सेन्सर करंगळीच्या नखाएवढा. सकाळच्या कोवळ्या उजेडात, ढगाळ दिवशी, दाट झाडीत फोटो चिखल होतो. कोकणात यापैकी एक तरी रोजच असतं.

प्रतिसाद:
लग्नाचं काम करतो म्हणून एक. १५००डी, ३०००डी आणि २००डी मार्क टू यांच्या फ्लॅशच्या खाचेत मधली पिन नाही. साधे स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर पेटत नाहीत. पक्ष्यांना याचं काही नाही, पण पुढेमागे घरच्या कार्यात फ्लॅश लावावासा वाटला तर आधी तपासून घ्या. ३०००डी तर घेऊच नका, लेन्स बसते ती कडीसुद्धा प्लॅस्टिकची आहे.

प्रतिसाद:
कुठून घ्यावा यावर बोलतो, मुंबईत राहतो आणि फोर्टला येणं-जाणं आहे.

दुबई आधी बाद करा. कॅमेऱ्यांची वॉरंटी बहुतेक वेळा त्या देशापुरती असते. इथल्या सर्व्हिस सेंटरला भारतातलं बिल आणि भारतातलं कार्ड लागतं. पूर्वी कॅमेऱ्यावर २८ टक्के जीएसटी होता तेव्हा बाहेरून आणण्यात थोडा तरी अर्थ होता. जानेवारी २०१९ पासून तो १८ झाला, आणि फरक बराच घटला. हीच गोष्ट मुंबईत 'इम्पोर्टेड पीस आहे, एक नंबर' म्हणून मिळणाऱ्या मालाची.

स्टुडिओवाल्या काकांना बिलासकट भाव विचारा. बिल नाही म्हणजे वॉरंटी नाही, आणि उद्या विकायला काढलात तर घेणाराही पहिल्यांदा बिलच मागतो. बिलासकट त्यांचा भाव ऑनलाइनच्या हजार-पंधराशे वर असेल तर मी त्यांच्याकडूनच घेईन. नवख्या माणसाला काही अडलं की जाऊन विचारता येण्याची किंमत तेवढी नक्कीच आहे.

बोरा बाजारात जाणार असाल तर रविवार टाळा, फोर्टमधली बरीच दुकानं बंद असतात. रात्रीच्या तुतारी एक्स्प्रेसने निघालात की सकाळी दादर, मग आरामात दुकानं उघडायच्या वेळी सीएसएमटी. एका दुकानात भाव ऐकून लगेच पाकीट काढू नका, तीन-चार ठिकाणी फिरा. भाव नुसत्या कॅमेऱ्याचा विचारा. 'बॅग, कार्ड, ट्रायपॉड फ्री' यातला ट्रायपॉड पहिल्याच वाऱ्यात आडवा होतो, आणि कार्ड कुठल्या कंपनीचं हे देवाला ठाऊक. त्याऐवजी तेवढे पैसे कमी करून मागा. बरेचदा करतात.

किटमधून काढलेली लेन्स साध्या पांढऱ्या डब्यात स्वस्त मिळते. माल खोटा नसतो, पण तिचा वेगळा नंबर बिलावर चढवून घ्या, नाहीतर वॉरंटीच्या वेळी भांडत बसाल. बॉडीच्या बुडाला असलेला नंबर, खोक्यावरचा नंबर आणि बिलावरचा नंबर काउंटरवरच जुळवा. सील तुमच्यासमोर फोडायला सांगा. डिस्प्लेचा पीस नवा म्हणून गळ्यात मारायची पद्धत जुनीच आहे: फ्लॅशच्या खाचेत घासल्याच्या रेघा आणि पट्टा अडकवायच्या कड्यांवर रंग उडालेला दिसला की ओळखायचं. आणि फिल्टर गळ्यात मारतील तेव्हा माप विचारा. कॅननच्या १८-५५ आणि ५५-२५० ला ५८ एमएम लागतो, निकॉनच्या १८-५५ एएफ-पीला ५५.

ऑनलाइन घेतलात तर विकणारा कोण हे आधी बघा, साइटचं नाव मोठं असलं तरी माल तिसऱ्याच कुणाचा असतो. खोकं उघडताना सलग व्हिडिओ काढा, लेबलपासून आतल्या नंबरापर्यंत. पसंत नाही म्हणून परत घेत नाहीत, फार तर बदलून देतात. 'नो कॉस्ट ईएमआय'मध्ये प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी भरावा लागतो, तोही हिशोबात धरा. माझं विचाराल तर पहिला कॅमेरा हातात धरून, बोटं कुठे पोहोचतात ते बघूनच घ्यावा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे खूप आभार. दुबई आणि बिनबिलाचा सौदा दोन्ही बाद, नणंदेला काय सांगायचं ते बघते. 😀

जुन्याचं कळल्यावर शोधाशोध केली. पुण्यातल्या एका पक्षीमित्रांचा निकॉन डी५६००, १८-५५ आणि ७०-३०० असा संच विकायला आहे. बजेटमध्ये बसतोय, बिल आहे, वॉरंटी संपलीय. एका साइटवर त्याहूनही स्वस्त एक आहे, विकणारे सैन्यात आहेत, बदली झाली म्हणून काढतायत, आगाऊ थोडे पैसे पाठवा म्हणाले. जुना कॅमेरा तपासायचा कसा?

प्रतिसाद:
दुसरा सौदा आत्ताच्या आत्ता सोडा. गणवेशातला फोटो, बदलीची गोष्ट, आगाऊ रक्कम, मग 'पैसे मिळण्यासाठी' क्यूआर कोड. हा ठरलेला सापळा आहे. क्यूआर स्कॅन करून पिन टाकली की पैसे आपलेच जातात.

पुण्याचा संच बघायला स्वतः जा, आणि दिवसाउजेडी. आपलं कार्ड बरोबर न्या. एक जेपीईजी फोटो काढून घरी आणा. निकॉनच्या फोटोच्या आतल्या माहितीत शटर किती वेळा उडालं तो आकडा असतो, नेटवर फोटो चढवून दिसतो. डी३५०० चं शटर निकॉनने १ लाखापर्यंत तपासलेलं आहे, डी५६०० चाही तोच अंदाज धरा. आकडा २०-३० हजारांच्या आत असेल तर बिनधास्त घ्या. पक्षीवाले भरभर उडवतात, त्यामुळे आकडा मोठा निघाला तर भाव पाडून मागा.

अ‍ॅपर्चर एफ १६ ला ठेवून मोकळ्या आकाशाचा फोटो काढा. सगळ्या फोटोंत त्याच जागी काळे डाग दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, घाबरायचं कारण नाही. लेन्सचं मात्र जपून. दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. धुळीचे कण चालतील, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी, तशी लेन्स घेऊ नका.

सर्वांत महत्त्वाचं: निकॉनच्या डीएक्स (अशा लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठीच्या) ७०-३०० एएफ-पी दोन आहेत, दिसायला जवळजवळ सारख्या. एकीवर 'व्हीआर' लिहिलेलं असतं, दुसरीवर नसतं. व्हीआर म्हणजे हाताचा कंप सांभाळणारी. हातात धरून पक्षी टिपायचे तर तीच हवी. लेन्सवर बटणं नाहीत, व्हीआर कॅमेऱ्याच्या मेनूतून चालू करतात, ते तिथेच करून बघा.

प्रतिसाद:
पावसाचं राहिलं. मी रत्नागिरीचा. कपाटात, चामड्याच्या बॅगेत कॅमेरा ठेवला की जुलै-ऑगस्टात बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेल आणि दीडदोनशे रुपयांचा आर्द्रतेचा काटा. ४० ते ५० टक्क्यांत राहिला की झालं. निळी जेल गुलाबी पडली की तव्यावर मंद आचेवर फिरवून पुन्हा निळी करायची (तो तवा पुन्हा भाकरीला वापरू नका). आणि पावसाळ्यात कॅमेरा वापरत राहा, आठवड्याला एकदा तरी बाहेर काढा.

धागाकर्ती:
पुण्याच्या काकांना फोन केला, लेन्सवर व्हीआर आहे म्हणाले, लेबलचा फोटोही पाठवला. रविवारी जातेय, कार्ड आणि टॉर्च घेऊन. आकडा कळला की इथेच टाकते, भाव किती पाडायचा ते तेव्हा सांगा. तोवर एक शंका: जुन्याबरोबर मूळ बॅटरी दमलेली असेल तर नवी कंपनीचीच घ्यायची का, की दुसऱ्या चालतात?